तीन डिस्कांची पूजा

सचिन नावाच्या गावातल्या एका छपाई मिलमध्ये साड्यांची नक्षी मालतीबाई काढायच्या. डिंडोलीहून यायच्या, आणि एकदा ब्रश हातात घेतला की जेवणाची घंटा झाली तरी मान वर करायच्या नाहीत. मग साखरेच्या आजारानं डोळे जाऊ लागले. मिलचे गुजराती शेठ म्हणाले, "बेन, चिंता नको. तुमचीच जुनी नक्षी कम्प्युटरवर जुळवून नवी करू. भूपेंद्र माउस फिरवेल, तुम्ही फक्त सांगा."

सगळे कागद स्कॅन झाले. मूळ कागदांना वाळवी लागली, ते बॉयलरमध्ये गेले.

"भाऊ, हे यंत्र मेलं तर?" बाईंनी भूपेंद्रला विचारलं.

"ताई, याला रेड म्हणतात. डिस्क तीन. एक मेली तरी उरलेल्या दोघी तिचं सगळं भरून काढतात."

टेपवर वेगळी नक्कल ठेवू, असंही त्यानं शेठना सुचवलं होतं. "त्रण तो छे!" तीन तर आहेत, म्हणून शेठनी ते उडवून लावलं.

खंडेनवमीला हत्यारं धुऊनपुसून पुजायची, ही खानदेशी घरांतली रीत. बाईंनी पाटावर ब्रश मांडले. "आता माझी खरी हत्यारं त्या पेटीत."

"पेटीलाच कुंकू लावा की."

"म्यानासकट तलवार पुजतोस का रे? काढ बाहेर."

भूपेंद्र हसला. यंत्र बंद करून त्यानं तिन्ही डिस्क ओढून काढल्या. हळदकुंकू, झेंडू, नमस्कार झाला. मग बाईंनी पदरानं पुसून एकेक परत दिली. भूपेंद्रनं त्या हाताला आल्या तशा बसवल्या; कुठली कुठल्या खणातली, कुणीच पाहिलं नाही.

दसऱ्यानंतर यंत्र लावलं, तर पडद्यावर इंग्रजीत प्रश्न: रचना जुळत नाही, नव्यानं बांधू?

"बघा ताई, स्वतःच दुरुस्त होतंय," म्हणत भूपेंद्रनं 'हो' दाबलं. दिवे लुकलुकत राहिले. यंत्र इमानेइतबारे जुन्यावर भलतंच लिहीत गेलं.

"उघड ना मोरांची किनार."

पडद्यावर नुसते राखाडी पट्टे. दुसरी फाइल, तिसरी, तेच.

"काय व्हयनं, भाऊ?"

"ताई... डिस्क तिन्ही धडधाकट आहेत."

"मग मोर कुठे?"

मुंबईहून आलेल्या जाणकारानंही नकारार्थी मान हलवली. नक्षी पुन्हा काढायला शेठनी ब्रश पुढे केला. "फरीथी दोरो ने, बेन."

बाईंनी कागद चाचपला, नाक टेकेस्तोवर वाकल्या, रेघ ओढली. ती कागद सोडून टेबलावर गेली.

"भाऊ, मान जमली का मोराची?"

"जमली, ताई."

शेठनी कागद उचलला. उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला.

"बेन," ते म्हणाले, "आता घरीच आराम करा."