इंदुताईंचा नाला

बाभुळगावच्या एका शाळेच्या मागच्या अंगाला दोन खोल्यांचं संग्रहालय आहे. पहिल्या खोलीत दगड, दुसरीत माळ, सागाचं जंगल आणि नाला यांचे देखावे. आसपासच्या शाळांमधली पोरं ते बघायला येतात आणि इंदुताई त्यांना ते दाखवतात. इंदुताई सातवी शिकलेल्या. सोळा वर्षांपूर्वी त्या इथं झाडझूड करायला लागल्या, तेव्हा दगडांकडे त्यांचं लक्षही नव्हतं. त्यांचं गाव, टाकळखेडा, त्याच वर्षी धरणात गेलं होतं. सगळं गाव सरकारने आखून दिलेल्या प्लॉटांवर येऊन राहिलं होतं. नवऱ्याला कापसाच्या जिनिंगमध्ये काम मिळालं, त्यांना हे.

संग्रहालय मांडलं होतं बाबाराव सरांनी. भूगोलाचे शिक्षक. नोकरीची तीस वर्षं सायकलवर हिंडून त्यांनी वणीकडचा कोळसा, चुनखडी, काळ्या दगडाच्या पोटातल्या गारगोट्या जमवल्या आणि निवृत्त झाल्यावर शाळेकडून या खोल्या मागून घेतल्या.

एक दिवस कपाट पुसता पुसता इंदुताई थांबल्या. समोर मुठीएवढा पांढुरका दगड होता आणि त्यात वेटोळ्या गोगलगाईचा ठसा.

"सर, असे दगडं तं आमच्या नाल्यात लय होते."

सरांनी मान वर केली. "हा मला एका मित्रानं मध्य प्रदेशातून पाठवला. तुमच्या कोणत्या नाल्यात?"

"टाकळखेड्याच्या. काठाले थरच होता पांढरा, हातभर जाड. वर काळा दगड, खाली काळा दगड, मधात हा. घरी हाये एक. न्हाणीत. टाचा घासतो आमी त्यानं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो पिशवीतून आणला. सरांनी धुऊन भिंगाखाली धरला. एका बाजूला त्यांनी अकरा गोगलगाई मोजल्या.

"इंदुताई, तुम्ही ज्यानं टाचा घासता ना, तो साडेसहा कोटी वर्षांचा आहे."

"मंग घासून घासून दोन-चार वर्षं कमी झाले असन," म्हणत त्या हसल्या.

सरही हसले. मग म्हणाले, "उद्याच जाऊ. मला तो थर दाखवा."

"पाण्याखाली हाये ना सर आता."

सर खुर्चीत बसले. टाकळखेड्यावरून ते कितीतरी वेळा सायकलने गेले होते. रस्ता वरून जायचा, नाला खाली. एकदाही ते उतरले नव्हते. मग तो पांढरा थर कसा होतो, ते त्यांनी समजावून सांगितलं. जमिनीतून तापलेला रस आला, पसरला, थंड होऊन काळा दगड झाला. मग पुष्कळ वर्षं शांततेत गेली. त्यात तळी झाली, गवत आलं, गोगलगाई आल्या. मग पुन्हा रस आला.

"अन् सगळं झाकून टाकलं?" इंदुताईंनी विचारलं.

"झाकून टाकलं."



पुढे सर पोरांना सांगायचे ते इंदुताई दाराशी उभं राहून ऐकायच्या. हळूहळू पोरंच त्यांना विचारायला लागली. सरांनी कपाटांवर 'हात लावू नये' अशी पाटी लावली होती. इंदुताईंनी एक दिवस ती काढून आत ठेवली. "हात नाही लावला तं पोट्ट्याईले समजन कसं?" सरांनी ते चालवून घेतलं. दुसऱ्या खोलीतला नाला इंदुताईंनी स्वतः केला. माती, शेण आणि भुसा कालवून काठ उभा केला, त्यात खंड्याच्या घरट्याचं भोक पाडलं, बाभळीची फांदी रोवून तिला सुगरणीचा खोपा टांगला, खाली खेकड्याचं कवच ठेवलं. कपडे धुवायचा चपटा दगड कुठे होता, कोणत्या वळणावर म्हशी बसायच्या, पाणी आटलं की डोह कोणता राहायचा, हे सगळं त्यांनी आठवून आठवून बसवलं. पोरांना तो कुठलाही नाला वाटायचा. टाकळखेड्याचं एखादं म्हातारं माणूस आलं तर मात्र त्या नाल्यापाशी उभं राहून त्या चपट्या दगडाला हात लावून बाहेर पडायचं.

सरांचं वय झालं, ते यवतमाळला लेकीकडे राहायला गेले. इंदुताई एकट्याच संग्रहालय उघडायच्या.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात धरणाचं पाणी फार खाली गेलं. धरणाच्या गाळात टरबूज लावणारा तांड्यावरचा फुलसिंग संग्रहालयाच्या फाटकाशी येऊन सांगून गेला, "ताई, तुमच्या देवळाचा ओटा उघडा पडला."

इंदुताईंनी तिथूनच सरांना फोन लावला. "सर, येता का?"

सर तेव्हा ब्याऐंशीचे होते. लेक नको म्हणाली. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ते ऑटोतून उतरले, एका हातात काठी आणि दुसऱ्यात भिंग.

गाळ वाळून त्याला हातहात खोल भेगा पडल्या होत्या. फुलसिंग पुढे, सर त्याच्या खांद्यावर हात ठेवून, मागे इंदुताई. देवळाचा ओटा दिसला, कडुनिंबाचं एक काळं खोड दिसलं. ओट्यापासून डावीकडे चालत गेलं की विहीर, विहिरीनंतर चौथं घर इंदुताईंचं. त्या चालत गेल्या. "इथं असन," म्हणाल्या. थोडं पुढे जाऊन पुन्हा म्हणाल्या, "नाही, इथं." मग त्या माघारी फिरल्या.

तिघं नाल्याकडे वळले तर नाला नव्हताच. सगळा गाळाने भरून सपाट झाला होता. काठ कुठे आणि पात्र कुठे, ते कळेना. सरांनी सांगितल्यावर फुलसिंगने फावड्याने खणून पाहिलं. कमरेइतका खड्डा झाला तरी गाळच.

"राहू दे बाबा," सर म्हणाले.

इंदुताई खाली बसल्या. "घर नाही दिसणार, हे मले माईत होतं सर. भिंतीच मातीच्या होत्या. पण काठ तं दगडाचा होता. मले वाटलं, तो तरी भेटन."

"तो आहे तिथंच, ताई."

"असून काय करू?"

सर त्यांच्या शेजारीच गाळावर टेकले. ऊन चढत होतं. फुलसिंग टरबूज फोडायला गेला. बसल्या बसल्या इंदुताईंच्या हाताला भेगेच्या कडेला काहीतरी खरखरीत लागलं. बघतात तर गोगलगाईचे शंख. पाणी आटलं तशा मेलेल्या, धरणातल्या गोगलगाई, जिकडे तिकडे शेकडो. त्यांनी एक सरांच्या तळहातावर ठेवला. सरांनी भिंग लावलं, शंख फिरवून फिरवून पाहिला.

"इंदुताई," ते हळूच म्हणाले, "तळं झालंय तुमच्या गावाचं."

त्या वेळी इंदुताईंना रडू आलं. गाव सोडताना आलं नव्हतं. रडून झाल्यावर त्यांनी पदरात ओंजळभर शंख बांधून घेतले आणि तिघांनी तिथंच टरबूज खाल्लं.

त्याच वर्षी हिवाळ्यात सर गेले. लेकीने त्यांचं भिंग संग्रहालयात पाठवून दिलं.

मागच्या वर्षी दारव्ह्याची एक शाळा आली होती. सहावीतली खुशी नावाची मुलगी मातीच्या नाल्यापाशी ठाण मांडून बसली आणि एकेक विचारू लागली. खरा नाला कुठे आहे म्हणाली. धरणात, इंदुताई म्हणाल्या.

"मग आता तुम्ही राहता तिकडे नाला नाही का?"

"हाये एक. प्लॉटाइच्या मांगं."

"त्यात काय काय आहे?"

इंदुताईंना सांगता येईना. पंधरा वर्षं त्याच्यावरच्या रपट्यावरून, त्या ठेंगण्या पुलावरून, त्यांचं येणंजाणं होतं, पण पाणी आपलं नाही म्हणून त्या कधी खाली उतरल्या नव्हत्या. कपडेसुद्धा त्यांनी कायम नळावरच धुतले.

रविवारी त्या एकट्याच गेल्या. प्लास्टिक होतं, घाण होती. पण काठाला खेकड्यांची बिळं होती, करंजाची दोन झाडं होती, आणि खंड्या तारेवरून पाण्यात सूर मारत होता. पांढरा थर त्यांनी वरपासून खालपर्यंत शोधला. नव्हता.

आता पावसाळा संपला की त्या महिन्यातून एकदा पोरांना तिथं नेतात. अजूनही बोलण्यात 'आमचा नाला' आला की तो टाकळखेड्याचाच असतो. परवा एका पोराने पाण्यात उतरता उतरता ओरडून विचारलं, "आजी, हाच का तुमचा नाला?"



"हा इथला हाये," इंदुताई म्हणाल्या, आणि लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून त्याच्यामागे पाण्यात उतरल्या.