चिखलाचे हात

दिल्लीत बायकांना निम्म्या जागा हव्यात, असा वाद माझी नात टीव्हीसमोर बसून घालते, तेव्हा मला हसू येतं. तोच वाद मी आमच्या गावी, कडावला, शाळेच्या अंगणात, परकर नेसायच्या वयात पाहिला आहे. आणि तो आम्ही जिंकलो होतो.

स्वातंत्र्य नुकतंच आलं होतं. मास्तरांनी वर्तमानपत्र वाचून दाखवलं, की देशाचा कायदा लिहायला दिल्लीत बायकाही बसल्या आहेत. माझे आजोबा, ज्यांना सगळं घर आबा म्हणायचं, ते म्हणाले, "दिल्लीत बसू दे की. कडावात त्यांचं काय काम हाय?"

माझ्या थोरल्या काकीने हे आतून ऐकलं. भातलावणीला कोणत्या दिवशी कुणाच्या खाचरात सगळ्याजणींनी जायचं, ही बायकांची सावड तीच ठरवायची आणि तिच्या शब्दाबाहेर कुणी नसे. गावच्या विहिरीला कठडा नव्हता. आदल्या वर्षी एक कोवळी सून घागरीसकट आत गेली, ती वाचली नाही. "पानी आमी भरायचं न् विहिरीचं तुमी ठरवायचं, ह्ये कसं?" असं म्हणून काकी पंचायतीला उभी राहिली.

तेव्हा आमच्याकडे मत हात वर करून द्यायचं. उन्हाळ्यातल्या सभेला बायका आल्या खऱ्या, पण समोर सासरे आणि थोरले दीर. सगळ्या डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी धरून, मान खाली घालून बसल्या. काकीचं नाव पुकारलं, पण एक हात वर जाईल तर शपथ! मला त्या बायकांचा इतका राग आला, की घरी येऊन मी जेवले नाही. नशीब, की काकी ज्या जागेला उभी होती, त्या पंचांच्या शेवटच्या जागेवरून पुरुषांचीच आपसात जुंपली. आबांसकट बाकीचे पंच ठरले आणि ती एक जागा पुढच्या सभेवर गेली.

शाळेच्या अंगणातली पुढची सभा आबांनी मुद्दाम भर लावणीत ठेवायला लावली. बाया चिखलात असताना येतंय कोण! काकीने फक्त त्या दिवसाची सावड आमच्या शाळेमागच्या खाचरात लावली. अख्ख्या गावच्या बाया आयत्या आपल्या शेतात, म्हणून आबांची स्वारी भलतीच खूश.

कर्जतहून आलेल्या कारकुनाने काकीचं नाव पुकारलं आणि बांधावरून बायका अंगणात चढल्या. डोक्यावर पावसासाठी पानांची इरली, लुगडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पदर कमरेला आवळलेले. लावणीत बाईने पदर सांभाळायचा नसतो, तिथे सासरासुद्धा बोल लावत नाही. धरायला पदरच नव्हता, म्हणून हात मोकळे होते. ते वर गेले, कोपरापर्यंत चिखलाने माखलेले. कारकुनाने मोजले आणि आबांनी हटकल्यावर पुन्हा मोजले. काकी निवडून आली. मी तर शाळेच्या पायरीवर नाचायचीच बाकी होते.

"बाई, पंचांनी इकडे बसायचं," कारकून म्हणाला.

पंचांना बाक एकच होता आणि त्याच्या टोकाला आबा बसले होते. सासऱ्याच्या बरोबरीने काकी जन्मात कधी बसली नव्हती. आबांचा चेहरा लाल झाला. ते काठी टेकून उठू लागले. ते उठून गेले असते, तर बाकीचेही त्यांच्या मागोमाग गेले असते, हे मला त्या वयातही कळत होतं.

काकीने इरलं उतरवून भिंतीला टेकवलं आणि ती बाकापाशी गेली.

"आबा, तुमी उठू नका," ती म्हणाली. "जरा सरकून बसा."

आबांनी तिच्याकडे पाहिलं, मग अंगणात उभ्या असलेल्या बायकांकडे पाहिलं. आणि ते सरकले.