तोफ गाडी चालवते

गल्लीत तिला सगळे तोफ म्हणत. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती, पण पाठीमागे हेच नाव. तिच्या नवऱ्यालाही ते चपखल वाटे. फक्त तो ते मनातल्या मनात म्हणे.

नवरा शिंपी होता. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं मशीन, कापायचं टेबल आणि भिंतीला टेकवलेला उभा आरसा. गिऱ्हाइकं त्याला मास्तर म्हणत. मास्तरचा स्वभाव कापसासारखा. कोणी उसवलेली पँट परत आणली, की चूक आपली नसली तरी तो म्हणायचा, "ठेवून जा, करून देतो." मग आतल्या खोलीतून तोफ धडाडायची, "का म्हणून करून देता? यांचं पोट सुटलं, त्यात आपल्या शिलाईचा काय दोष?" गिऱ्हाईक पोट आत ओढून निमूट बाहेर पडायचं. दूधवाला, नळ दुरुस्त करणारा, वरच्या मजल्यावरून पाणी सांडणारी शेजारीण, एकेकाशी तिचं वाजून झालेलं होतं. 'अरे'ला 'का रे' करायला तिला क्षणही लागत नसे.

अशी ही बाई चाळिशी उलटल्यावर गाडी शिकली. तयार कपड्यांच्या दुकानांनी मास्तरचं काम निम्म्यावर आणलं होतं, मुलगी शिकायला परगावी गेली होती, आणि रिकामं घर तिला खायला उठायचं. हॉस्पिटलला डायलिसिसच्या पेशंटना घरून आणायला आणि परत सोडायला व्हॅनवर माणूस हवा होता. "मी जाते," तिने सांगून टाकलं. मास्तरच्या हातातली कात्री कापडातच थांबली.

त्याला गाडीची भीती नव्हती, भीती होती रस्त्यावरच्या माणसांची. हल्ली ओरखडा गेला म्हणून लोक एकमेकांची डोकी फोडतात, आणि ही तर नाकावर राग घेऊन बसलेली. एखाद्या सिग्नलला कोणाशी तरी जुंपणार आणि काहीतरी होऊन बसणार, हे त्याने धरूनच ठेवलं होतं. दारात व्हॅनचा आवाज येईपर्यंत त्याचे टाके वाकडे पडत. वर्ष सरलं, दुसरंही सरत आलं. रस्त्यावरचं एकही भांडण घरी आलं नाही. मास्तरला वाटे, लपवत असणार.

मग हॉस्पिटलने त्याच्याकडे वॉर्डाचे पडदे शिवायला दिले. ते पोचवायच्या दिवशी ती म्हणाली, "एवढा गठ्ठा कुठे वाहत नेताय? चला माझ्याबरोबर. येताना पेशंट सोडत सोडत येऊ."

बायकोने चालवलेल्या गाडीत मास्तर त्या दिवशी पहिल्यांदा बसला. ती बसल्या बसल्या दारं लॉक झाली, पर्स सीटखाली गेली. उकडतंय म्हणून मास्तरने काच पार खाली केली, तर ती म्हणाली, "बोटभर फट ठेवा हवी तर. बाहेरून कोणाचा हात आत येईल एवढी नको." सांगण्यात खेकसणं नव्हतं. मास्तरने काच वर घेतली आणि तिच्याकडे जरा निरखून पाहिलं.

चौकात एक मोठी गाडी आडवी घुसली. वर त्या गाडीवाल्यानेच काच खाली करून हिला घाणेरडी शिवी हासडली. मास्तरने डोळे मिटून घेतले. आता तोफ सुटणार! पण काहीच सुटलं नाही. त्याने डोळे उघडले तेव्हा ती तळहात वर करून 'जा बाबा, तू आधी जा' अशी खूण करत होती.

"तू त्याला काही बोलली नाहीस?"

"काय बोलायचं? तो घरून भांडून निघालेला दिसतोय. त्याचं भांडण मी कशाला विकत घेऊ?"

"आणि घरी मात्र..."

"घराला चाकं असतात का?" ती म्हणाली. "घरी भांडले तर फार तर भांडी आपटतात."

हॉस्पिटलमध्ये पडदे उतरवून झाले आणि मागच्या दाराने तिचे पेशंट आले. रक्त धुऊन घेतलेली, चिंधीसारखी दमलेली माणसं. एक आजी. एक पोस्टातून निवृत्त झालेले काका, ते बसल्या बसल्या पेंगायला लागले. आणि एक आडदांड गृहस्थ, तरुणपणी कुस्ती खेळलेले. त्यांना सगळे पहिलवान म्हणत, पण पायरी चढताना त्यांनी तिच्या खांद्याचा आधार घेतला. सुया टोचलेल्या हातावर दाब येऊ नये म्हणून तिने प्रत्येकाचा पट्टा आपल्या हाताने बसवला, आजींच्या गुडघ्यांवर पांघरूण घातलं. मास्तर बघत राहिला. इतक्या हळुवार हातांनी ती घरात कधी चहाचा कपसुद्धा ठेवत नसे.

गोदामांच्या मागचा रस्ता लागला. दुपारची वेळ, शटरं खाली ओढलेली, माणूस ना काणूस. तेवढ्यात एक मोटरसायकल शेजारून आली. मागे बसलेला तिच्या खिडकीवर थापा मारत ओरडायला लागला, "ओ बाई, थांबवा! पोराला उडवलंत तुम्ही! मागे पोर पडलंय!"

मास्तर ओरडला, "अगं थांब, थांब!" त्याचा हात दाराच्या कडीवर गेलासुद्धा.

"हात काढा तिथून," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण मास्तरचा हात आपोआप मागे आला. तिने आरशात बघत विचारलं, "कोणाला धक्का जाणवला का?"

"छे," पहिलवान म्हणाले. "मी मागेच बघत होतो. रस्ता मोकळा होता."

"पण खरंच पोर असलं तर?" मास्तर म्हणाला. "कोणाचं तरी लेकरू आहे गं ते! असं टाकून जायचं?"

"टाकून कोण जातंय? मी येणार परत. एकटी नाही येणार, एवढंच." ती गाडी त्याच संथ वेगात चालवत होती. "तुम्ही अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावा. सांगा, गोदामांच्या रस्त्यावर पोर पडलंय म्हणतात, लगेच या." आणि काचेतून, हाताने पुढे दाखवत, तिने त्या दोघांना मोठ्याने सांगितलं, "पुढे चौकीत या! मी तिथे थांबते!"

चौकीचं नाव ऐकताच त्या दोघांच्या चेहऱ्यावरची कळकळ गळून पडली. मोटरसायकल सुसाट पुढे गेली आणि व्हॅनच्या समोर आडवीतिडवी व्हायला लागली. ब्रेक दाबायचा, वेग घ्यायचा, पुन्हा ब्रेक. हिने ठोकावं किंवा थांबावं, एवढाच हेतू. तिने मधलं अंतर हातचं सोडलं नाही. ते हळू झाले की ही हळू, आणि रस्ता जरा रुंद झाला तशी ती शांतपणे बाजूने निघून गेली. जाता जाता मागच्याने आरशावर लाथ घातली. आरसा खळकन तडकला.

पहिलवानांचं रक्त उसळलं. "थांबव गाडी! बघतोच एकेकाला!"

"पहिलवान, तुमच्या हातातून आत्ता रक्ताची धार लागली तर मी तुम्हाला बघू की त्यांना? बसा बघू." पहिलवान लहान मुलासारखे बसले. "आजी, पांघरूण सरकलंय तुमचं. काका, घ्या ना जरा त्यांच्या पायावर."

हॉर्न नाही, शिवी नाही. मास्तर फोनवर पत्ता सांगता सांगता तिच्याकडे बघत होता. ज्या तोंडाला गल्ली टरकायची, ते तोंड आता पांघरुणाची विचारपूस करत होतं.

मोठा रस्ता आला. तिने व्हॅन चौकीच्या पायरीला अगदी लागून उभी केली आणि मग मात्र हॉर्नवर तळवा दाबून धरला. मोटरसायकल अलीकडच्या वळणावरूनच नाहीशी झाली होती.

हवालदार बाहेर आले, ऐकून घेतलं आणि हसले. "बाई, जुनी युक्ती आहे ही. माणूस खाली उतरला की लुटायचा. वाचलात. जा आता घरी."

"तुम्ही जाऊन बघितलं का?"

"काय?"

"पोर पडलंय की नाही ते. मीही नाही बघितलं. चला माझ्याबरोबर."

"अहो, पण मी सांगतोय ना..."

"साहेब, आज घरी जाऊन मला झोपायचंय," ती म्हणाली. "ते पोर नाही हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय मला झोप येईल का?"

हवालदारांनी टोपी घातली. तिने मागे वळून पेशंटना विचारलं, "तुम्हाला इथे पंख्याखाली बसवून जाऊ?" आजी म्हणाल्या, "नको गं, आम्हालाही कळू दे." पोलिसांची जीप पुढे आणि व्हॅन मागे, अशी वरात त्या रस्त्याला परत आली.

पोर नव्हतं. पण अ‍ॅम्ब्युलन्स आली होती आणि ती नुसतीच उभी नव्हती. जरा पुढे एक पांढरी गाडी, चारही दारं उघडी. कडेला एक माणूस डोक्याला फडकं दाबून बसलेला, फडकं लाल झालेलं, आणि त्याची बायको शेजारी रडत होती. त्याच दोघांनी त्यांनाही तेच सांगितलं होतं, पोर पडलंय म्हणून. तो उतरला, मागे धावत गेला. परत येतो तर दोघे बायकोच्या हातातली पिशवी ओढत होते. मध्ये पडला आणि डोक्यात काहीतरी बसलं. पोरासाठी बोलावलेली अ‍ॅम्ब्युलन्स त्याच्या वेळेला उभी राहिली होती.

"मला वाटलं, लेकराला लागलंय. थांबायलाच हवं," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "माझीच चूक. मीच मूर्ख."

ती त्याच्यासमोर उकिडवी बसली. "तुमचं काही चुकलं नाही, दादा. दुसऱ्याच्या पोरासाठी जीव तुटतो, अशा माणसालाच हे फसवतात. बाकीचे थांबतच नाहीत." मग त्याच्या बायकोला जवळ घेऊन ती बराच वेळ तशीच बसून राहिली.

मास्तर गाडीशी उभा होता. त्या माणसाच्या जागी त्याला स्वतःचं डोकं दिसत होतं. कडीवर हात त्याचाही गेला होता. दया त्याच्यापाशीही होती, पण तिच्यापाशी दयेला मार्ग काढून देणारी अक्कलही होती. हे सगळं या बाईत कुठून आलं आणि आपल्याला एका छपराखाली राहून दिसलं कसं नाही, याचं त्याला नवल वाटत राहिलं.

हवालदार म्हणाले, "मोटरसायकलचा नंबर कोणी बघितला असता तर..." तेव्हा व्हॅनमधून पोस्टातल्या काकांनी, डोळे अर्धवट मिटलेलेच, तो अख्खा सांगितला. "जन्मभर पत्ते आणि नंबर, दुसरं काय वाचलं?" ते म्हणाले. त्या नंबरावरून चोर आठवडाभरात सापडले, पण ते पुढे.

पहिलवान उतरले, काका उतरले. शेवटी आजींचं घर आलं. जिना अंधारा, म्हणून ती त्यांना धरून वर सोडायला गेली. मास्तर व्हॅनमध्ये एकटा राहिला. सहज म्हणून त्याने स्टिअरिंगवर हात ठेवला. ते चिंब ओलं होतं. जिथे तिचे तळवे होते, तिथे घामाने कव्हर भिजून काळं पडलं होतं.

ती खाली आली, आत बसली, दारं लॉक केली आणि किल्ली फिरवलीच नाही.

"तू घाबरली होतीस?" त्याने विचारलं.

"मग? मी काय दगडाची आहे?" ती समोर बघत म्हणाली. "पाय असा लटपटत होता, वाटलं ब्रेकवरून सटकतोय."

"आवाज तर जराही कापला नाही तुझा."

"आजींना ऐकू येतं ना. त्यांचं ब्लडप्रेशर वाढलं असतं."

एवढंच. जणू भाजीत मीठ का घातलं, ते सांगावं तसं. मास्तरने पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडून ती पुढे धरली. तिने घ्यायला हात उचलला, तर तो आता उघड उघड थरथरत होता. पाणी तिच्या साडीवर सांडलं. मग त्यानेच बाटली तिच्या ओठांना लावली आणि ती घोट घोट पाणी प्यायली, मुकाट्याने, त्याच्या हाताने.

रस्त्यावरून माणसं येत-जात होती. कोणाला काही पत्ता नव्हता.

"सावकाश निघू," मास्तर म्हणाला. "घाई काय आहे?"

ती "हं" म्हणाली आणि पहिल्यांदाच सीटला मान टेकवून बसली.