बस्त्याच्या दिवशी तुटणारी वायर

आळे गावातल्या कापड दुकानाचा तो तपास मी अजून विसरलेलो नाही. माझ्या सेवापुस्तकात मात्र त्याची एक ओळही नाही. वरिष्ठांच्या दारात हार घेऊन उभे राहणारे निरीक्षक झाले. भाजी विकून शिकलेला मी सहायक निरीक्षक म्हणूनच घरी आलो. ते असू द्या.

तक्रार घेऊन आला तो दुकानदाराचा मुलगा. राजस्थानातून आलेलं जैन कुटुंब, पण तीन पिढ्या इथलंच. डिंभे धरणाकडच्या गावांत इंटरनेट पोचलं, तसा हा लग्नाचा बस्ता मोबाईलवर दाखवू लागला. एसटीचा भरवसा नसलेली माणसं घरबसल्या साड्या निवडू लागली. धंदा वाढला. आणि दुकानाच्या गच्चीवरची इंटरनेटची वायर कुणीतरी कापू लागलं.

"समोरच्या दुकानदारावर गुन्हा घ्या. नाहीतर मी दुकान पुण्याला हलवतो. बापूजी यायचे नाहीत, पण माझा इलाज नाही."

"गुन्हा काय कोथिंबीर आहे, मागितली की द्यायला?" मी खेकसलो आणि पंचनाम्याला निघालो.

शेजारी ब्लाउज शिवणाऱ्या बाईनं हळूच सांगितलं, "साहेब, वायर रोज न्हाई तुटत. मोबाईलवर बस्ता असला की तुटती."

गच्चीवर गेलो. चोर वायर नेतो, वैरी ओरबाडतो. इथं कापलेली टोकं गुंडाळून कापडाच्या पट्टीनं नीट बांधली होती, कुणाच्या पायात येऊ नयेत म्हणून. एवढी काळजी घरचाच माणूस घेतो.

खाली येऊन गादीवर शेठजींसमोर बसलो. "शेठ, कात्री कुठंय?"

त्यांनी गादीखालची कात्री काढून माझ्यापुढं ठेवली. मग म्हणाले, "साहेब, बस्त्याला जीप भरून माणसं यायची. नवरीची आत्या रुसायची, मामा भाव पाडायचा. आता मी दिवसभर पार्सलला चिकटपट्टी लावतो. वाटलं, नेट गेलं की लोक येतील."

"लोक येणार नाहीत. पोरगा जाईल."

त्यांचे डोळे भरले. मी मुलाला आत बोलावलं आणि कात्री दाखवली.

"बापूजी, तुम्ही?" तो एवढंच म्हणाला.

"आता सौदा ऐक," मी म्हणालो. "मोबाईल तू धरायचा, साड्या हे दाखवतील."

"त्यांना जमायचं नाही, साहेब."

"मग बापाविरुद्ध तक्रार लिहून दे. आण कागद."

त्यानं कागदाऐवजी खिशातला मोबाईल काढला. वाद आपसात मिटल्याची नोंद स्टेशन डायरीत झाली.

पुढचा बस्ता मी मुद्दाम बसून पाहिला. शेठजींनी शालू उलगडला आणि सवयीनं ओरडले, "अरे, पावण्यांना चहा सांग!" लगेच ओशाळले. मोबाईलमधली डिंभ्याची म्हातारी खदखदून हसली.

"चहा राहू द्या, शेठ. चार साड्या बाजूला काढा. आमी गुरुवारी येतो. हात लावल्याबिगर बस्ता व्हतो व्हय?"

गुरुवारी जीप आली. शेठजी सकाळपासून दारात उभे होते आणि मुलगा त्यांच्या शेजारी.

नोकरीत मी अनेकांना बेड्या घातल्या. पण आरोपी घरातलाच निघाला तर कलम शोधण्याआधी त्याला विचारावं, बाबा, या घरात तुझ्या हाताला काय काम उरलंय? हे मला कुठल्या प्रशिक्षणात नाही, त्या गादीवर कळलं.