फीच्या खिडकीतला नेव्हिओ

काचेवर नक्षी कोरायला शिकवणारी ती शाळा बेल्जियममधली, म्यूज नदीच्या काठाला. तिथं फीच्या खिडकीत नेव्हिओ तासोत्ती चौदा वर्षं बसला. बेल्जियमच्या पोरांना शिक्षण फुकट. परक्या मुलखातल्या पोराला मात्र वर्षाचे चोवीस हजार फ्रँक भरावे लागत. पावती नेव्हिओच फाडायचा.

तो स्वतः इटलीहून कोळसा खणायला आलेल्या बापाचा पोरगा. बाप जेवताना रोज बजावायचा, "परक्याच्या दारात आवाज चढवायचा न्हाई." ते नेव्हिओच्या हाडात मुरलेलं. पुढं कागदोपत्री तो बेल्जियमचा झाला, तरी मान खालीच राहिली.

चौऱ्याऐंशीच्या सप्टेंबरात सरहद्दीपलीकडची, फ्रान्सची ओदील आली. आई बेकरीत पाव भाजायची. पोरीच्या हातात वकिलाचा कागद होता. ही फी बेकायदा आहे, असा दावा लावायचा म्हणत होती.

नेव्हिओ खिडकीतून पुढं वाकला. "पोरी, कोर्टाच्या नादी लागू नगंस. मास्तर डूख धरतील. गुमान भर आन् शीक."

ती फी भरून गेली. शहाणपणाचं बोललो म्हणून त्या दिवशी त्याला जेवणही गोड लागलं.

फेब्रुवारीत लक्झेंबर्गला बसणाऱ्या, साऱ्या युरोपच्या कोर्टानं निकाल दिला: परकी म्हणून अशा शिक्षणाला जादा फी घेता येणार नाही. उन्हाळ्यात सरकारनं कायदा केला. जुने पैसे परत मिळणार, पण निकालाआधी ज्यांनी दावा लावला होता त्यांनाच. दावा लावला म्हणून नेव्हिओ ज्या पोराला भांडखोर म्हणायचा, त्या तिएरीचं नाव यादीत पहिलं.

ओदील खिडकीशी आली. "माझं नाव बघा की."

"न्हाई."

"का?"

"दावा लावला न्हवतास."

"तुम्हीच नको म्हणाला होता."

"व्हय."

"मग तेवढंच लिहून द्या. दावा लावणार होते, तुम्ही थांबवलं. वकील म्हणतो, काहीतरी करता येईल."

पेन त्याच्या खिशालाच होतं. एका ओळीचं काम. त्याला मुख्याध्यापिकाबाईंचं तोंड आठवलं, मग पेन्शनला राहिलेली सहा वर्षं.

"वर इचारावं लागंल," तो म्हणाला.

"कधी येऊ?"

"बघू."

बंद व्हायला अजून वीस मिनिटं होती, तरी त्यानं खिडकीची फळी खाली ओढली. ती पुरती टेकली नाही. फटीतून कट्ट्यावरची तिची बोटं दिसत होती, काचेनं चिरलेली. ती निघून जाईपर्यंत तो श्वासाचाही आवाज न करता बसून राहिला.