श्री. व सौ.

घटस्फोटाचा अर्ज टाइप करून घ्यायला मी कौटुंबिक न्यायालयाबाहेरच्या टायपिस्टकडे बसले होते. माझ्या आधी चाळिशीतली एक बाई होती. आयटीतल्या एकाबरोबर ती लग्नाशिवाय अकरा वर्षं राहिली होती. आता त्याने कात्रजच्या फ्लॅटचं कुलूप बदललं, असं सांगत होती. पुरावा म्हणून तिने गणपतीच्या वर्गणीच्या पावत्या काढल्या, तळहाताने एकेक सपाट केली. प्रत्येकीवर दोघांची नावं, 'श्री. व सौ.' लावून.

"अहो, हे मंडळाने लिहिलंय," टायपिस्ट म्हणाला. "लग्नच नाही, तर घटस्फोट कसला मागताय?"

तिने पावत्या पुन्हा वर्षांप्रमाणे लावल्या. उठताना माझ्या हातातला लग्नाचा दाखला तिला दिसला.

"तुमचं निदान मोडतंय तरी," ती म्हणाली. "माझं कधी नव्हतंच म्हणतात."