गाडीनं धरलेला हात

२०२३ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो. शाळा दुसरीपर्यंत, पण बोरगावात चाळीस वर्षं जीपगाड्या खोलून जोडल्या. सूनबाईच्या नव्या गाडीचा पुढचा दिवा गेला. ती म्हणाली, "आप्पा, निपाणीला गॅरेजात देते. बंपर उतरवावा लागतो म्हणे."

"एका बल्बासाठी? माझी लाज काढतीस व्हय गं?"

बॉनेट उघडलं तर दिव्यामागं बोट जाईल एवढीच जागा. तरी हात कोंबलाच. बल्ब बसला. सूनबाईनं आतून खटका दाबला, दिवा लखलखला. पण माझा हात काही बाहेर येईना!

"झालं न्हवं, आप्पा?"

"थांब, जरा तपासतोय," मी म्हणालो आणि अर्धा तास तपासतच राहिलो.

शेवटी बायकोनं ओळखलं. खोबरेल तेल आणून कोपरापर्यंत चोळत म्हणाली, "आवं, जीप बरी हुती. तिनं कधी असं धरून ठिवलं न्हाय तुमास्नी!" मग आम्ही तिघंही इतकं हसलो, की त्या हिसक्यातच हात सुटला.

"आता तरी गॅरेज?" सूनबाईनं डोळे पुसत विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुसऱ्या बाजूचा चांगला चाललेला बल्बही बदलला. तेल मात्र आधीच लावलं.